पदार्थाची स्मृती आणि तापमानाचा इतिहास

स्मरणिका म्हणजे आठवणींचा संग्रह. एखादी संस्था काही वर्षांची वाटचाल करते, तेव्हा तिच्या आठवणी कोणीतरी गोळा कराव्या लागतात. त्या आपोआप टिकत नाहीत. या अंकात इतरत्र माणसांच्या आठवणी आहेत. आम्ही येथे एका निर्जीव पदार्थाच्या आठवणीविषयी लिहिणार आहोत. हा पदार्थ स्वतःचा मूळ आकार लक्षात ठेवतो, आणि अतितीव्र थंडी व अतितीव्र उष्णता त्याच्या या स्मृतीवर आघात करतात. ते आघात तो किती काळ सोसू शकतो, हा या लेखाचा विषय आहे.

इतिहासाच्या शिक्षकाने या विषयात का शिरावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर अभियंत्यांच्याच परिभाषेत आहे. एखादा पदार्थ का तुटला याचा शोध घेताना ते प्रथम त्याचा ‘तापमानाचा इतिहास’ विचारतात. तो किती तापला, किती गारठला, किती वेळा आणि किती वेळ, याची नोंद ते मागतात. पदार्थाचे आजचे वर्तन त्याच्या गतकाळातून ठरते, हे गृहीतक त्यामागे आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला हे गृहीतक परके वाटण्याचे कारण नाही.

आकार लक्षात ठेवणारा पदार्थ

१९५९ च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर हे धातुशास्त्रज्ञ निकेल आणि टायटेनियम यांच्या मिश्रधातूवर काम करीत होते. पुढे काही वर्षांनी या मिश्रधातूची अनेक घड्या घातलेली पट्टी एका बैठकीत हातोहात फिरवली जात होती. उपस्थितांपैकी एकाने सहज म्हणून पाइप पेटवण्याच्या लायटरची ज्योत तिला लावली, आणि पट्टी सर्वांच्या देखत सरळ झाली. निकेल, टायटेनियम आणि त्या प्रयोगशाळेच्या नावाची आद्याक्षरे यांवरून या मिश्रधातूला ‘निटिनॉल’ हे नाव मिळाले. आज पायांच्या रक्तवाहिन्यांत बसवल्या जाणाऱ्या कित्येक जाळीदार नळ्यांत हा मिश्रधातू वापरला जातो.

धातूंप्रमाणे काही पॉलिमरांतही हा गुण असतो. त्याचे एक उदाहरण प्रत्येक वायरमनच्या पेटीत सापडते. तारेच्या जोडावर तो एक सैल प्लास्टिकची नळी सरकवतो, तिला गरम हवा देतो आणि नळी आक्रसून जोडाला घट्ट बिलगते. ती नळी मुळात अरुंदच घडवलेली असते. कारखान्यात तिच्यातील रेणूंच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडल्या जातात, नंतर ती गरम करून फुगवली जाते आणि फुगलेल्या स्थितीतच थंड केली जाते. वायरमनने उष्णता दिली की ती आपल्या मूळ अरुंद आकाराकडे परतते.

यातील यंत्रणा समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर आधारलेले आहे. पॉलिमर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचे जाळे. या जाळ्यात दोन प्रकारचे घटक असतात. पहिला घटक म्हणजे साखळ्यांना एकमेकींशी बांधणाऱ्या पक्क्या गाठी. मूळ आकाराची आठवण या गाठींत असते. दुसरा घटक म्हणजे गाठींमधील साखळ्यांचे मोकळे भाग. ठरावीक तापमानाच्या वर हे भाग हालचाल करू शकतात आणि पदार्थ रबरासारखा मऊ होतो. त्या तापमानाच्या खाली ते जागीच गोठतात आणि पदार्थ काचेसारखा कडक होतो. या सीमारेषेला आपण ‘काच-संक्रमण तापमान’ म्हणू. सीमेच्या वर तापवून वस्तूची घडी घालावी, घडी तशीच धरून ती थंड करावी, म्हणजे घडी कायम राहते. गाठींवर आलेला ताण आत कोंडला जातो. वस्तू पुन्हा सीमेच्या वर तापली की ताण मोकळा होतो आणि ती उलगडते.

संमिश्र कशासाठी

एकट्या पॉलिमरची उलगडण्याची ताकद अल्प असते. त्याने स्वतःचा आकार परत मिळवला, तरी एखादे जड तावदान ढकलून उघडणे त्याला साधत नाही. म्हणून त्यात कार्बनचे किंवा काचेचे तंतू घालतात. कुडाच्या भिंतीत काटक्या आणि माती यांची जी विभागणी असते, तशीच ही आहे. माती काटक्यांना जागेवर धरते आणि काटक्या मातीला उभे राहण्याचे बळ देतात. आकारस्मृती संमिश्रातही आठवण पॉलिमर सांभाळतो आणि बळ तंतू देतात. कार्बनचे तंतू विजेचे वाहक असल्याने काही रचनांत त्यांच्यातूनच वीजप्रवाह सोडून पदार्थ तापवताही येतो.

हे सारे फायद्याचे वाटते, आणि ते आहेही. परंतु दोन भिन्न स्वभावाचे पदार्थ एकत्र आले की त्यांच्यामध्ये एक सीमा तयार होते. तंतूचा पृष्ठभाग आणि त्याला चिकटलेला पॉलिमर यांच्यातील ही सीमा डोळ्यांना दिसत नाही. तरीही तापमानाच्या तडाख्यात संमिश्राचे आयुष्य किती, हे पुष्कळदा याच सीमेवर ठरते.

न उघडलेली छत्री

अशा पदार्थाची गरज कोठे भासते, हे एका अपयशावरून स्पष्ट होते. गुरू ग्रहाच्या अभ्यासासाठी पाठवलेल्या अमेरिकेच्या ‘गॅलिलिओ’ यानावर ४.८ मीटर व्यासाची एक अँटेना होती. तिच्या अठरा काड्या छत्रीसारख्या मिटलेल्या होत्या. १८ ऑक्टोबर १९८९ रोजी यान निघाले आणि एप्रिल १९९१ मध्ये अँटेना उघडण्याची आज्ञा देण्यात आली. मोटारी फिरल्या, पण काही काड्या आपल्या खाचांतून सुटल्या नाहीत. यान उन्हाकडे वळवून अँटेना तापवण्यात आली, सावलीत नेऊन गारठवण्यात आली. धातूच्या प्रसरण-आकुंचनाने अडकलेला भाग सुटेल, अशी आशा होती. मोटारींना तेरा हजारांहून अधिक वेळा झटके देण्यात आले. तरीही छत्री पूर्ण उघडली नाही. गुरूपासून सेकंदाला सुमारे १,३४,००० बिट या वेगाने माहिती यायची होती. शेवटी लहान अँटेनावर विसंबावे लागले आणि अनेक सुधारणा करूनही तो वेग सेकंदाला १६० बिटच्या आसपास राहिला.

यान १९८६ मध्ये सुटायचे होते, पण त्या वर्षीच्या ‘चॅलेंजर’ दुर्घटनेमुळे उड्डाण तीन वर्षांहून अधिक काळ लांबले. त्या अवधीत यान रस्त्याने फ्लोरिडाहून कॅलिफोर्नियाला परत नेण्यात आले आणि पुन्हा फ्लोरिडाला आणण्यात आले. प्रवासातील कंपनांनी काड्यांवरील कोरडे वंगण घासले गेले असावे, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. दुरुस्तीला तेथे कोणी जाऊ शकत नव्हते.

मोटारी, स्प्रिंगा, खिळ्या आणि वंगण यांची ही साखळी जेवढी लांब, तेवढ्या बिघाडाच्या जागा अधिक. त्यांच्याऐवजी तापवल्यावर आपोआप उलगडणारी एकच बिजागरी बसवली तर? आकारस्मृती संमिश्रांच्या अवकाशातील वापरामागे हाच विचार आहे. चीनच्या हार्बिन तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी अशा संमिश्रावर आधारलेले एक लवचीक सौर तावदान ‘शीज्यान-२०’ या उपग्रहावर बसवले. २७ डिसेंबर २०१९ रोजी उपग्रह सुटला आणि जानेवारी २०२० मध्ये भूस्थिर कक्षेत हे तावदान यशस्वीपणे उलगडले. घडी धरून ठेवणे, ती सोडणे आणि तावदान उलगडणे ही तिन्ही कामे संमिश्राच्याच भागांनी केली.

असे तावदान बहुधा एकदाच उलगडते. मग टिकाऊपणाचा प्रश्न कोठे येतो, असे विचारता येईल. तो दोनदा येतो. उलगडण्यापूर्वी स्मृती शाबूत राहिली पाहिजे आणि उलगडल्यानंतर कडकपणा शाबूत राहिला पाहिजे. पहिल्यात चूक झाली तर तावदान उघडत नाही. दुसऱ्यात चूक झाली तर उघडलेले तावदान लचकते, थरथरते, वाकते.

अवकाशातील दिवस-रात्र

पृथ्वीवर हवा आपले रक्षण करते. ती उष्णता पसरवते आणि रात्री काही अंशी राखूनही ठेवते. अवकाशात हवा नाही. म्हणून उन्हातली बाजू भाजते आणि सावलीतली गोठते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या परिसरात उन्हाच्या बाजूला सुमारे १२० अंश सेल्सिअस आणि सावलीच्या बाजूला उणे १५० अंशांपलीकडे तापमान जाऊ शकते. खालच्या कक्षेतील उपग्रह साधारण नव्वद मिनिटांत पृथ्वीची एक प्रदक्षिणा करतो. म्हणजे आपल्या एका दिवसात त्याचे सोळा दिवस आणि सोळा रात्री होतात. वर्षाला हा आकडा ५,८०० च्या घरात जातो आणि पाच वर्षांत २९,००० च्या.

भूस्थिर कक्षेत चक्रे कमी, पण लांब असतात. तेथील उपग्रह मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या आगेमागे सुमारे ४५ दिवस रोज पृथ्वीच्या सावलीतून जातो. वर्षाला अशी सुमारे नव्वद ग्रहणे होतात आणि सर्वांत मोठे सुमारे ७२ मिनिटांचे असते. तेवढ्या वेळात पातळ तावदान अतिशय खोल गारठते.

चंद्रावर स्थिती याहून कठोर. तेथील रात्र आपल्या सुमारे चौदा दिवसांची. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरले, तेव्हा आपण सर्वांनी तो क्षण पाहिला. विक्रम आणि प्रज्ञान यांनी आपले नियोजित काम पूर्ण केले. रात्र येण्यापूर्वी सप्टेंबरच्या प्रारंभी त्यांना निद्रावस्थेत ठेवण्यात आले. पहाट झाल्यावर त्यांना साद घालण्यात आली, पण प्रतिसाद आला नाही. ती याने एका चांद्रदिवसासाठीच बनवलेली होती, म्हणून ते अपयश नव्हे. परंतु तेथील एक रात्र काढणेही केवढे कठीण आहे, हे त्यावरून कळते.

थंडी : मंदावणारी स्मृती

थंडीचे दोन परिणाम होतात आणि त्यांत नीट भेद केला पाहिजे.

पहिला परिणाम तात्पुरता असतो. सीमेखाली रेणूंच्या साखळ्या गोठतात, म्हणून पदार्थ आठवण असूनही ती अंमलात आणू शकत नाही. याचे सर्वांत शोकात्म उदाहरण संमिश्राचे नाही, त्याच्याच कुळातील रबराचे आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले. सात जणांचा मृत्यू झाला, त्यांत ख्रिस्टा मॅकऑलिफ या एक शाळाशिक्षिका होत्या. अग्निबाणाच्या दोन भागांमधील फट बंद करणारे रबरी कडे दाबानंतर तत्काळ फुगून मूळ आकारावर यायला हवे होते. त्या सकाळी तापमान सुमारे दोन अंश होते. ते कडे बनवणाऱ्या यंत्रणेशी संबंधित अभियंत्यांनी आदल्या रात्रीच, बारा अंशांखाली उड्डाण करू नये, असा सल्ला दिला होता. पुढे चौकशी आयोगाचे सदस्य असलेले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात धरला. चिमटा काढल्यावर तो लगेच पूर्ववत झाला नाही. सारा देश त्या साध्या प्रयोगाचा साक्षीदार झाला.

त्या रबराची स्मृती नष्ट झाली नव्हती, ती मंदावली होती. ऊब मिळताच ते पूर्ववत झाले असते. परंतु अग्निबाणाला सेकंदाच्या अंशात उत्तर हवे होते, आणि उशिरा आलेली आठवण तेथे निरुपयोगी होती. आकारस्मृती बिजागरीलाही हेच लागू पडते. सावलीत उणे शंभर अंशांवर असलेली बिजागरी उलगडायची, तर तापकाला तिचे तापमान दीडदोनशे अंशांनी वर न्यावे लागते. एक बाजू तापली आणि दुसरी गारच राहिली, तर उलगडणे वाकडे होते.

दुसरा परिणाम कायमचा असतो. सीमेच्या फार खाली पॉलिमर ठिसूळ होतो. त्याच वेळी तो आक्रसतो, तंतू मात्र आक्रसत नाही. आकड्यांत पाहू. एक मीटर लांबीची सामान्य इपॉक्सीची कांडी शंभर अंशांनी थंड केली, तर ती सुमारे साडेपाच मिलिमीटरने आखूड होते. तेवढ्याच लांबीच्या पोलादी सळईत हा फरक सव्वा मिलिमीटरच्या आत असतो. कार्बनच्या तंतूत, त्याच्या लांबीच्या दिशेने, तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी भरतो. किंबहुना तो तंतू थंडीत किंचित लांबतो.

गाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार हेच तत्त्व वापरीत असे. लोखंडी धाव लालबुंद तापवून लाकडी चाकावर बसवायची आणि वर पाणी ओतायचे. धाव आक्रसते आणि चाकाचे सारे भाग एकत्र आवळले जातात. तेथे हा ताण उपकारक होता. संमिश्रात मात्र आक्रसू पाहणारा पॉलिमर न आक्रसणाऱ्या तंतूंना चिकटलेला असतो, म्हणून ओढ त्याच्यावरच येते. तो ठिसूळ झालेला असताना ही ओढ वाढली, की त्याच्यात केसापेक्षाही बारीक तडे जातात.

उष्णता : पुसली जाणारी स्मृती

उष्णतेचे काम वेगळे आहे. थंडी स्मृतीला थोपवते, उष्णता तिच्यात फेरफार करते.

सर्वांत साधा धोका म्हणजे अकाली उलगडणे. सीमेचे तापमान समजा साठ अंश ठेवले आणि उन्हात बिजागरी सत्तर अंशांपर्यंत तापली, तर आज्ञेची वाट न पाहता ती उलगडू लागेल. म्हणून अवकाशासाठी सीमा पुरेशी उंच ठेवतात. ती फार उंच ठेवली, तर तापवण्यासाठी अधिक वीज लागते आणि पॉलिमर जळण्याच्या मर्यादेजवळ जातो. या दोन टोकांमध्ये अभियंत्याला मार्ग काढावा लागतो. सामान्य इपॉक्सीपेक्षा अधिक उष्णता सोसणारे सायनेट एस्टर वर्गातील रेझिन काही ठिकाणी वापरतात, ते याच कारणासाठी.

दुसरा धोका सावकाश घडतो. दीर्घकाळ उष्णतेत राहिल्यास कारखान्यात अपुरी राहिलेली रासायनिक जोडणी पुढे चालू राहते. नव्या गाठी पडतात आणि सीमेचे तापमान वर सरकते. तापक जुन्याच सीमेसाठी बसवलेला असतो, म्हणून पदार्थ अर्धवट मऊ होतो आणि अर्धवटच उलगडतो. गाठी जर घडीच्या अवस्थेत पडल्या, तर पदार्थ घडीलाच आपला आकार समजू लागतो. याच्या उलट, तापमान फारच वाढले तर साखळ्या तुटतात, जुन्या गाठी सुटतात आणि मूळ आकाराची आठवण पुसली जाते. पृथ्वीवर हवेतील ऑक्सिजन या तुटण्याला हातभार लावतो. अशा वेळी इपॉक्सीचा पृष्ठभाग पिवळा, मग तपकिरी होतो आणि ठिसूळ कवच तयार होते. अवकाशात ऑक्सिजनयुक्त हवा नाही, पण अतिनील किरणे साखळ्या तोडतात आणि निर्वातात पदार्थातील हलके घटक उडून जातात.

तिसरा धोका तापकाचाच आहे. निर्वातात उष्णता वाहून नेणारी हवा नसल्याने तापकाखालचा एखादा ठिपका आसपासच्या भागापेक्षा खूपच अधिक तापू शकतो. सरासरी तापमान योग्य असते, पण त्या ठिपक्यावर पॉलिमर करपतो.

चक्र : सांध्याची झीज

एकदाच कडक थंडी आली किंवा एकदाच कडक ऊन लागले, तर चांगले संमिश्र बहुधा निभावून नेते. खरी परीक्षा पुनरावृत्तीची असते. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, तीच पुनःपुन्हा वाकवली तर तुटते. तापमानाच्या प्रत्येक चक्रात तंतू आणि पॉलिमर यांच्या सीमेवर ओढाताण होते. आरंभी काही ठिकाणी सूक्ष्म तडे पडतात. पुढील चक्रांत ते तंतूच्या कडेने सरकतात, एकमेकांना मिळतात आणि शेवटी संमिश्राचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. पृथ्वीवर अशा तड्यांत ओलावा शिरतो. पाणी गोठले की ते प्रसरण पावते आणि तडा आणखी रुंदावतो.

घडी घालण्याच्या क्रियेतही इजा होते. पट्टी वाकवली की बाहेरच्या बाजूचे तंतू ताणले जातात आणि आतल्या बाजूचे दाबले जातात. मऊ झालेल्या पॉलिमरमध्ये दाबलेले तंतू बारीक लाटांसारखे वाकतात, आणि या लाटांमुळेच एवढी तीव्र घडी शक्य होते. तापमान पुरेसे नसताना घडी घातली तर पॉलिमर त्यांना वाकू देत नाही, आणि तंतू तुटतात. म्हणून अशा पदार्थाची घडी घालणाऱ्या कारागिराच्या हाती उष्णतामापक असणे अनिवार्य आहे.

झीज किती झाली हे तीन मापांनी ठरवतात. घातलेली घडी किती अंशाने तशीच राहते, हे पहिले माप. समजा, पट्टी १८० अंशांत दुमडली आणि थंड करून सोडल्यावर १७८ अंशांवर राहिली, तर तिची आकार-स्थिरता जवळजवळ ९९ टक्के झाली. पुन्हा तापवल्यावर ती किती सरळ होते, हे दुसरे माप, म्हणजे आकार-पुनर्प्राप्ती. उलगडताना ती किती जोर लावते, हे तिसरे. सामान्य माणसाचे लक्ष दुसऱ्या मापावर जाते, कारण ते डोळ्यांना दिसते. पण टेबलावर मोकळी ठेवलेली पट्टी छान सरळ झाली, तरी आतून तडकलेली असल्यामुळे तिचा जोर घटलेला असू शकतो. अशी पट्टी तावदानाचे ओझे अंगावर आले की अर्ध्यावर थांबेल.

घडीत गेलेला काळ

उपग्रह तयार झाल्यापासून सुटेपर्यंत महिने जातात, कधी वर्षेही. ‘गॅलिलिओ’च्या बाबतीत तो काळ किती घातक ठरला, ते आपण पाहिले. घडीत ठेवलेला पॉलिमर वरकरणी स्थिर दिसतो, पण त्याच्या साखळ्या अत्यंत मंद गतीने जवळ जवळ येत राहतात. पदार्थ किंचित घट्ट आणि ठिसूळ होतो. हे जुने होणे सीमेच्या वर एकदा तापवल्यास बव्हंशी पुसले जाते, पण तापवणे म्हणजे घडी उलगडणे, आणि तेथेच पेच पडतो.

ओलाव्याचा परिणाम याहून फसवा असतो. पाण्याचे रेणू साखळ्यांमध्ये शिरून त्यांना मोकळे करतात आणि सीमेचे तापमान खाली आणतात. आकारस्मृतीच्या काही पॉलियुरेथेन प्रकारांत पाण्यात राहिल्यावर ही सीमा तीसेक अंशांनी खाली येते. मग तापवण्याची गरजच उरत नाही आणि घडी नुसत्या खोलीच्या तापमानालाही सुटू लागते. दमट किनारपट्टीवर साठवण करायची असो वा मे महिन्याच्या उन्हात बंद वाहनातून वाहतूक करायची असो, पदार्थाच्या आयुष्याचा हिशेब तेव्हापासूनच सुरू झालेला असतो. तो अवकाशात पोहोचल्यावर सुरू होत नाही.

परीक्षा आणि प्रतिबंध

या सर्व धोक्यांवर उपाय आहेत. उपग्रहाच्या उघड्या भागांवर चकचकीत पातळ पापुद्र्यांचे अनेक थर पांघरतात, त्यामुळे तापमानाची टोके बोथट होतात. तंतूंवर पॉलिमरला धरून ठेवणारा लेप देतात, म्हणजे सीमेवरील पकड वाढते. पॉलिमरच्या रचनेत थोडी लवचीकता आणतात, म्हणजे थंडीत तडे उशिरा पडतात. तापक एका ठिपक्यात न ठेवता सर्वत्र पसरवतात आणि जागोजागी उष्णतामापक बसवतात.

तरीही भरवसा उपायांवर नव्हे, परीक्षेवर ठेवला जातो. निर्वात कक्षात नमुना ठेवून त्याला शेकडो, हजारो वेळा तापवतात व गारठवतात. ठरावीक चक्रांनंतर तो कापून सूक्ष्मदर्शकाखाली तडे मोजतात. नमुना हलकेच वाकवत आणि सोबत तापवत नेऊन कोणत्या तापमानाला तो मऊ पडतो हे पाहतात, म्हणजे सीमा सरकली की नाही ते समजते. अवकाशातील पाच वर्षे प्रयोगशाळेत काही आठवड्यांत बसवायची, तर चक्रांचा वेग वाढवावा लागतो. तापमानाची टोकेही लांबवण्याचा मोह तेथे होतो. परंतु टोक सीमेच्या पलीकडे गेले, तर पदार्थ ज्या रीतीने प्रत्यक्षात झिजणार आहे त्याहून निराळ्याच रीतीने झिजतो. त्या परीक्षेचा निकाल कठोर दिसतो, पण खरा नसतो. परीक्षा कठीण असावी की अनुरूप असावी, हा प्रश्न शिक्षकांना चांगलाच परिचित आहे.

समारोप

आकारस्मृती संमिश्रे टिकाऊ आहेत का, असा सरधोपट प्रश्न विचारला तर त्याला उत्तर नाही. कोणत्या दोन तापमानांच्या दरम्यान, किती चक्रांपर्यंत, किती काळ घडीत राहून आणि किती ओझे पेलत, हे सांगितल्यावरच उत्तर देता येते. थंडी या पदार्थाची आठवण रोखून धरते आणि त्याला तडकवते. उष्णता आठवणीची सीमा हलवते आणि अतिरेक झाला तर ती पुसते. दोहोंची आलटून पालटून होणारी पुनरावृत्ती तंतू आणि पॉलिमर यांच्यातील सांधा सैल करते. नित्य असे काही नाही, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. पण कोणती गोष्ट कोणत्या कारणाने आणि कोणत्या क्रमाने झिजते, हे शोधले तर झीज लांबवता येते.

‘चॅलेंजर’च्या बाबतीत थंडीचा धोका अज्ञात नव्हता. आधीच्या थंड दिवसातील उड्डाणानंतर त्या कड्यांची झालेली हानी नोंदलेली होती, आणि ती नोंद वाचणारे अभियंतेही होते. त्यांचे ऐकले गेले नाही. आमच्या शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी आज कार्यशाळांत, कारखान्यांत, प्रयोगशाळांत काम करतात. त्यांच्यापैकी कोणाच्या तरी हाती अशीच एखादी तापमानाची नोंदवही असेल. तिच्यात भरलेला आकडा कोणाला गैरसोयीचा वाटला, तरी तो आहे तसाच लिहावा, आणि विचारणा झाल्यावर तो वाचून दाखवावा. पदार्थाला त्याचे बोलता येत नाही, त्याचा इतिहास त्या वहीतच असतो.